बाग, उपासना व गाव : लघुनगरातील सामुदायिक उद्यानकर्माचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव हे वऱ्हाडच्या पठारावरील एक तालुक्याचे गाव. नागपूरहून कारंजा, मेहकर या मार्गाने छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता आणि अकोल्याहून वाशीम-हिंगोलीकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस छेदतात. अशा गावाला धड खेडेही म्हणता येत नाही व शहरही म्हणता येत नाही. कचेरी, शाळा, दवाखाना, बाजार व मोटारतळ यांनी त्याला नगराचे रूप दिलेले असते. परंतु माणसांचे परस्परसंबंध अद्याप गावचेच असतात. या मधल्या अवस्थेचे अनेक गुण आहेत, तसेच काही दोषही आहेत. त्यांतील एक दोष सहज नजरेस येतो, तो असा की, जी जागा सर्वांची तिची काळजी कोणाचीच नसते. शेतातील झाड शेतकरी राखतो, अंगणातील तुळस घरची बाई राखते. परंतु रस्त्याच्या कडेचे, शाळेच्या आवारातील किंवा बाजाराच्या मैदानावरील रोप राखणार कोण?

वृक्षारोपणाचा उत्साह आपल्याकडे नवा नाही. कन्हैयालाल मुनशी यांनी केंद्रीय मंत्री असताना १९५० साली वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. महाराष्ट्र शासनाने १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याची मोहीम हाती घेतली व पुढे २०१९ या वर्षासाठी ३३ कोटींचे उद्दिष्ट ठरविले. अशा मोहिमांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि रोप लावणे हे एका दिवसाचे कार्य आहे व ते जगविणे हे सुमारे तीन उन्हाळ्यांचे कार्य आहे. पहिल्यासाठी समारंभ पुरतो; दुसऱ्यासाठी संस्था लागते. गावात अशी कोणती संस्था असते, की जी ठराविक दिवशी, ठराविक वेळी, कोणी न बोलावता एकत्र जमते? पुष्कळशा ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर उपासनेची मंडळी हेच आहे. बाग व उपासना यांचा हा संबंध कसा घडतो, तो कोठे फलदायी झाला व कोठे तो सदोष ठरू शकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२. भूमी व पाणी

कोणत्याही बागेचा विचार प्रथम पाण्यापासून करावा लागतो. काटेपूर्णा, अडाण व अरुणावती या नद्या वाशीम जिल्ह्यातच उगम पावतात. काटेपूर्णा उत्तरेस पूर्णेला जाऊन मिळते व तिचे पाणी पुढे तापीत जाते. जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाचे पाणी पैनगंगेवाटे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. म्हणजे हा प्रदेश दोन मोठ्या खोऱ्यांच्या पाणलोटाच्या माथ्यावर वसलेला आहे. माथ्यावरील प्रदेशाचे दुर्दैव असे की, पाऊस तेथे पडतो व पाणी मात्र खालच्यांचे होते. वरून वाहत येणारे परके पाणी त्याच्या वाट्याला येत नाही. खाली काळा पाषाण. त्याच्या झिजलेल्या थरांत व भेगांत जेवढे पाणी मुरेल तेवढेच विहिरीला मिळते. म्हणून माघ-फाल्गुनापर्यंत भरलेली दिसणारी विहीर चैत्र-वैशाखात तळाला जाते.

मातीचा स्वभावही ध्यानात घ्यावयास हवा. सखल भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आटते; तिला पडणाऱ्या भेगांत कोवळ्या रोपाची मुळे तुटतात. उंचवट्यावरील मुरमाड जमिनीत ही भीती नसते, परंतु तेथे ओल टिकत नाही. जाणता माळी यासाठी खड्ड्यात नुसती काळी माती न भरता तीत मुरूम व कुजलेले शेणखत मिसळतो, आळे करतो व त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालतो.

आता एक साधा हिशेब मांडू. एका रोपास उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा १५ लिटर पाणी द्यावयाचे असे धरले, तर १०० रोपांना आठवड्यास ३,००० लिटर पाणी लागेल. फेब्रुवारीच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे १९ आठवडे होतात. म्हणजे एका उन्हाळ्याची गरज ५७,००० लिटरची झाली. हा आकडा एकट्या माणसाला भिवविणारा आहे. परंतु तोच भार २५ घरांनी वाटून घेतला, तर प्रत्येक घराकडे चार रोपे येतात व आठवड्याचे १२० लिटर पाणी येते. एवढे पाणी एका पिंपातही मावते. तोंडाशी झाकलेले सच्छिद्र मातीचे मडके रोपाशेजारी पुरून ते भरत राहिल्यास पाणी थेट मुळांशी झिरपते व यापेक्षाही कमी पाण्यात काम भागते. तात्पर्य, पाण्याची अडचण खरी असली, तरी तिचा मोठा भाग पाण्याचा नसून पाळीचा आहे.

३. पाळीची परंपरा

पाळी सांभाळण्याची कला आपल्या गावांना अवगत नाही असे म्हणता येणार नाही. अखंड हरिनाम सप्ताहाचे उदाहरण घ्यावे. सात अहोरात्र वीणा खाली ठेवावयाची नाही, असा त्याचा दंडक असतो. सात दिवसांचे १६८ तास होतात. त्या प्रत्येक तासाला कोणी ना कोणी वीणा गळ्यात घालून उभा असला पाहिजे. त्यासाठी पहाऱ्याची यादी होते, रात्री दोन ते तीनचा पहारा घेणाराही मिळतो आणि त्याची झोप झाली नाही म्हणून वीणा भुईवर आली, असे होत नाही. सप्ताहाच्या पंगती घरोघर वाटून दिलेल्या असतात, काल्याच्या दिवशीचा स्वयंपाक शेकडो हातांनी होतो, व त्यासाठी कोणास मजुरी द्यावी लागत नाही. ज्या गावाला हे साधते, त्या गावाला शंभर झाडांना पाणी घालणे साधू नये, हे चमत्कारिक होय.

या चमत्काराचे कारण शोधले पाहिजे. सप्ताहात तीन गोष्टी एकत्र येतात : ठरलेली वेळ, नावानिशी वाटलेले काम, आणि ते काम चुकल्यास वाटणारी लाज. वृक्षारोपणाच्या समारंभात यांपैकी एकही गोष्ट नसते. तेथे जमाव असतो, परंतु यादी नसते. दुसरा भेद मुदतीचा आहे. सप्ताह सात दिवसांत संपतो, झाडाला तीन वर्षे लागतात. म्हणून जी उपासना वर्षभर आठवड्यातून एकदा तरी माणसांना एकत्र आणते, तिच्या आधाराने हे काम अधिक सुकर होते.

वऱ्हाडात या विचाराला थोर पूर्वपीठिका आहे. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत व रात्री त्याच गावात कीर्तन करीत. झाडणे ही कीर्तनाची पूर्वतयारी नसून तो कीर्तनाचाच पूर्वार्ध होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) मोझरी येथे १९३५ साली गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली व सामुदायिक प्रार्थनेला ग्रामसेवेची जोड दिली. १९५५ सालच्या ‘ग्रामगीते’त हीच दृष्टी विस्ताराने आलेली आहे. प्रार्थनेला जमलेला समूह प्रार्थनेनंतर विसर्जित न होता कामाला लागावा, हे या दोघांच्याही शिकवणीचे समान सूत्र होय.

४. ‘मंडळी’ व ‘धर्मग्राम’

ख्रिस्ती परंपरेत या सूत्राला आरंभापासूनच संस्थेचे रूप आलेले आढळते. इंग्रजी ‘चर्च’ या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे इमारत उभी राहते. परंतु मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक त्याच अर्थी ‘मंडळी’ हा शब्द योजतात. तो मूळ ग्रीक शब्दाच्या, म्हणजे ‘बोलावून एकत्र आणलेली सभा’ या अर्थाच्या, अधिक जवळचा आहे. कॅथलिक परंपरेत एका चर्चच्या कक्षेत येणाऱ्या वस्तीस ‘धर्मग्राम’ म्हणतात. दर रविवारी एकत्र येणे, व्यवस्थेसाठी पंच नेमणे, वर्गणी व दान यांचा हिशेब ठेवणे ही या रचनेची नित्याची अंगे आहेत. शेतीच्या हंगामाशीही तिचा संबंध असतो. मुंबई-साष्टीतील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ साजरा करतो व भाताची नवी कणसे वेदीपुढे आणतो. अनेक ग्रामीण प्रॉटेस्टंट मंडळ्यांतून कापणीच्या सणाला धान्य, भाजी, फळे अर्पण होतात व त्यांचा तेथेच लिलाव होऊन आलेला पैसा मंडळीच्या कामी लागतो.

वाशीम जिल्ह्यात ख्रिस्ती समाजाची संख्या अल्प आहे. वाशीम येथील नाझरीन मंडळीचे रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय हे तिच्या सेवेचे सर्वांत परिचित रूप होय. १९३८ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाची उभारणी डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी केली. परंतु बाग, उपासना व समाज या तिहींचा संयोग अभ्यासावयाचा तर महाराष्ट्रातील दोन अन्य ठिकाणांकडे वळणे उचित होईल. त्यांपैकी एक दुष्काळी पट्ट्यातील आहे व दुसरे समुद्रकाठचे आहे.

५. केडगाव : बागेचे आश्रयस्थान झाले

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदनाची स्थापना केली. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. सदनाचा खर्च बॉस्टन येथील रमाबाई असोसिएशन चालवीत असे. परंतु त्या मदतीची मुदत दहा वर्षांचीच होती. मुदत संपल्यावर काय, या चिंतेतून रमाबाईंनी फळबागेची योजना आखली व पुण्याच्या पूर्वेस रेल्वेमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खणल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर विधवांचे शिक्षण चालावे, हा त्यामागील हिशेब होता.

तो हिशेब काळाने बदलून टाकला. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व निराधार मुली आणि विधवा यांना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचे निर्बंध आले व इतक्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा त्यांना केडगावच्या जमिनीवर नेण्यात आले. तेथेच ‘मुक्ती’ सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळाची भर पडून आश्रितांची संख्या दीड हजारांच्याही पुढे गेली. झाडांसाठी खणलेल्या विहिरी माणसांच्या कामी आल्या. त्यांच्यावाचून एवढा समुदाय त्या कोरड्या प्रदेशात तगला नसता.

केडगावचे वैशिष्ट्य असे की, तेथे उपासना व श्रम यांच्यात भिंत नव्हती. जी स्त्री सकाळी प्रार्थनेस बसे, तीच पुढे मळ्यात, मागावर, घाणीवर किंवा छापखान्यात कामास जाई. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेला बायबलचा मराठी अनुवाद याच छापखान्यात स्त्रियांनी छापला. तो त्यांच्या निधनानंतर १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झाला. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी त्या काळी महाराष्ट्रात तीव्र मतभेद झाले व त्यांचा इतिहास स्वतंत्र आहे. प्रस्तुत विषयापुरता निष्कर्ष एवढाच की, बाग ही केवळ शोभेची वस्तू न राहता जेव्हा समुदायाच्या निर्वाहाचे साधन होते, तेव्हा तिला पाणी घालण्याची आठवण कोणास करून द्यावी लागत नाही.

६. वसई : बाग, चर्च व जमिनीचा प्रश्न

केडगावी एका व्यक्तीच्या संकल्पातून बाग निर्माण झाली. वसईत बागाईत हा शतकांचा जीवनक्रम आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली. या दोन शतकांत किनाऱ्यालगत अनेक चर्चेस उभी राहिली; राज्य गेले तरी धर्मग्राम राहिले. त्यांच्या भोवतालच्या वाड्यांत केळी, पानवेली, भाजीपाला व फुले पिकत आली. राजेळी केळी सुकवून केलेली वसईची सुकेळी सुप्रसिद्ध आहे. हे बागाईत केवळ ख्रिस्ती कुपारी समाजाचे नव्हे. वाडवळ, सामवेदी ब्राह्मण, माळी इत्यादी समाजांच्या वाड्या तेथे एकमेकींना लागून आहेत.

या बागाईताचा पाया म्हणजे ‘बावखल’. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले गोड्या पाण्याचे मोठे तळे. पावसाळ्यात त्यात पाणी साठे, ते भूमीत मुरून विहिरींना ओल पुरवी, आणि उन्हाळ्यात रहाटाने उचलून पाटावाटे केळीच्या आळ्यांत जाई. समुद्र जवळ असल्यामुळे गोडे पाणी जमिनीत टिकून राहणे येथे दुहेरी महत्त्वाचे आहे. ते उपसून संपले की खारे पाणी त्याची जागा घेऊ लागते.

धर्मग्रामाने या बागाईतदाराला आणखी एका गोष्टीचा आधार दिला. मोन्सिन्यॉर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने १९१८ साली वसईत कॅथलिक समाजाची सहकारी पतसंस्था स्थापन झाली. तीच पुढे बसीन कॅथलिक सहकारी बँक झाली. जेथे माणसे दर रविवारी एकमेकांस भेटतात, तेथे कोणाची पत किती हे कागदपत्रांवाचून ठाऊक असते. उपासनेतून उत्पन्न झालेला विश्वास असा आर्थिक व्यवहाराचे भांडवल बनला.

परंतु या बागाईतावर पुढे मोठे संकट आले. मुंबई वाढत वाढत वसईपर्यंत आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्ट्यातील जमीन मोठ्या प्रमाणावर बांधकामास खुली होऊ लागली. टँकरवाले विहिरींचे पाणी उपसून नव्या इमारतींना विकू लागले. बावखले भरावाखाली गेली. तेव्हा ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या चळवळीचे मर्म असे की, ती चर्चच्या अंगणात जन्मली तरी चर्चची राहिली नाही. वाडी वाचवावयाची तर शेजारची वाडीही वाचली पाहिजे, आणि भूमीखालचे पाणी धर्म पाहून वाहत नाही, हे सर्वांना उमगले. म्हणून निरनिराळ्या धर्मांचे व जातींचे लोक तीत उतरले.

चळवळीस सर्वस्वी यश मिळाले असे म्हणता येणार नाही. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली व नागरी विस्तार चालूच राहिला. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई पाण्याखाली गेली, तेव्हा बुजविलेली तळी व अडविलेले निचऱ्याचे मार्ग यांचे मोल अनेकांना नव्याने कळले. तथापि किनाऱ्यालगत जो हिरवा पट्टा अद्याप शिल्लक आहे, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी या संघटित जागरुकतेस द्यावे लागेल.

७. एक आक्षेप व त्याचे उत्तर

उपासनेच्या आधारे सार्वजनिक काम करावे, या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. देवळाची बाग ती देवळात ज्यांना प्रवेश त्यांची; चर्चची बाग ती चर्चमध्ये जाणाऱ्यांची; मग गावाची बाग कोठे राहिली? हा आक्षेप काल्पनिक नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला, याचा विसर पडून चालणार नाही. ज्या समाजात पाण्यालाच विटाळ होत असे, तेथे पाण्याची पाळी कोणाच्या हाती द्यावयाची, हा प्रश्न व्यवस्थेचा तसा न्यायाचाही आहे.

मालेगावसारख्या ठिकाणी तर उपासनेची मंडळी एक नसून अनेक आहेत. याच तालुक्यातील शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आहे; तेथील दोन जैन पंथांचा वाद दीर्घकाळ न्यायालयात होता. भजनी मंडळे आहेत. शुक्रवारी मशिदीत जमणारा मुस्लिम समाज आहे. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर विदर्भात गावोगावी उभ्या राहिलेल्या विहारांतून वंदनेस जमणारा बौद्ध समाज आहे. या सर्वांकडे ठरलेला दिवस आहे, यादी आहे, स्वयंसेवा आहे. यांपैकी कोणा एकाकडे गावची बाग सोपविली तर ती इतरांस परकी होईल. कोणाकडेच न सोपविली तर ती वाळून जाईल.

यातून मार्ग असा दिसतो. जमीन व पाणी ही नगरपंचायतीची, म्हणजे सर्वांची असावीत. निगा मात्र मंडळ्यांनी वाटून घ्यावी. शाळेच्या आवाराचा एक कोपरा भजनी मंडळाकडे, दुसरा विहाराकडे, दवाखान्याचे आवार मशिदीच्या जमातीकडे, बाजाराची कड जैन संघाकडे, अशी वाटणी करता येईल. तीतही आपापल्या दाराशी असलेली जागा कोणी घेऊ नये, दुसऱ्याच्या दाराशी असलेली घ्यावी. पाणी एकाच टाकीतून सर्वांनी न्यावे. कोणती झाडे लावावयाची, हे माती व पाणी यांनी ठरवावे. कडुनिंब, करंज, चिंच ही या हवेत टिकणारी झाडे आहेत. सावलीला वड-पिंपळ आहेत. कुंपणाला कण्हेर, तगर, जास्वंद चालेल. फुले कोणी तोडावीत व शेंगा-फळे कोणी न्यावीत याचा नियम पहिल्याच सभेत लिहून ठेवावा, कारण उत्पन्नाच्या हक्काविषयीची संदिग्धता जेथे राहिली, तेथे बागेपूर्वी भांडण वाढते.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून सामुदायिक बागेच्या स्थैर्यास तीन गोष्टी आवश्यक दिसतात : उन्हाळ्यातही पुरणाऱ्या पाण्याची सोय, नियमितपणे एकत्र येणारी व नावानिशी काम वाटून घेणारी मंडळी, आणि बागेचे फळ कोणाचे याविषयी स्पष्टता. केडगावी या तिन्ही एका संस्थेत एकवटल्या. वसईत त्या शतकांच्या अभ्यासाने रुळल्या. परंतु जमिनीवरील हक्क डळमळताच बागही डळमळली. वऱ्हाडच्या लघुनगरांत दुसरी गोष्ट मुबलक आहे, पहिली प्रयत्नसाध्य आहे, व तिसरी अद्याप ठरवावयाची आहे.

बागेचा लाभ सावली व फुले एवढाच मोजू नये. शेजारच्या मोहल्ल्यातील माणसाशी ज्याचे कधी बोलणे झाले नाही, त्याला पाण्याच्या पाळीच्या निमित्ताने त्याची वाट पाहावी लागते. आज तो आला नाही, तर त्याच्या रोपालाही पाणी घालावे लागते. दुसऱ्याच्या रोपाला घातलेल्या त्या पाण्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. परंतु लहान गावातील सार्वजनिक जीवन मुख्यतः अशाच न नोंदलेल्या कामांवर चालत आलेले आहे. ते पुढे चालू राहावे, अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी येत्या आषाढात खड्डे खणण्यापूर्वी येत्या वैशाखातील पाळीची यादी करावी.